शालनचा माइक

"आधी चहा घे," बापू ढवळे म्हणाला.

"चहा नको. शालनचा माइक तेवढा उघडून दे. तिचा एकटीचा. बाकीचे सगळे बंद कर."

"देतो रे. चहा सांगितलाय, तो काय परत पाठवू? प्यायला माणसं नाहीत आता इथं."

खरंच नव्हती. बापूचा स्टुडिओ बंद होत होता. मालकानं तळघर व्यायामशाळेला दिलं होतं. भिंतींवरचे फोमचे तुकडे दोन मजूर उचकटत होते आणि जिन्याखाली रचून ठेवत होते. काचेपलीकडची गाण्याची खोली अर्धी उघडी पडली होती. जिथं आम्ही उभे राहायचो तिथं आता सिमेंटच्या गोण्या होत्या.

कुंदा नगरकर कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसली होती. मी आलो तेव्हा ती आधीच आलेली होती. सकाळी मी तिला फोनवर एवढंच म्हणालो होतो की बापूकडं जातोय, शालनचा आवाज घेऊन येतो. ती औंधला राहते. रिक्षा करून माझ्या आधी कशी पोचली, आणि कशाला, हे मी विचारलं नाही. शालन गेल्यापासून लोक बऱ्याच ठिकाणी माझ्या आधी पोचत होते.

"भाऊजी, जेवलात का?" कुंदानं विचारलं.

"जेवलो."

"काय जेवलात?"

"कुंदाताई, जेवलो म्हटलं ना."

"म्हणजे नाही जेवलात. शालन म्हणायची, ह्यांना खोटं बोलताना तपशील सुचत नाही." ती हसली आणि लगेच थांबली.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. शालन, म्हणजे माझी बायको, जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

आम्ही दोघं कोरसमध्ये गायचो. भक्तिगीतं, जाहिराती, शाळांची गाणी, निवडणुकीची गाणी, जे येईल ते. फोन आला की जायचं. मुख्य गायकाचं नाव वेष्टनावर छापलं जायचं आणि आमच्यासाठी "आणि साथी" असे दोन शब्द असायचे. कधी तेही नसायचे. आम्ही भेटलो तेही कोरसमध्येच. मुलींच्या रांगेतली शेवटची ती आणि मुलांच्या रांगेतला पहिला मी, म्हणून शेजारी उभे राहिलो, आणि नंतर तसेच राहिलो.

कोरसचा एकच नियम आहे. तुम्ही वेगळे ऐकू येता कामा नये. आवाज चांगला असेल तर तो शेजारच्याच्या आवाजात मिसळून टाकायचा. शालनचा आवाज चांगला होता. मी म्हणतोय म्हणून नाही, सगळेच म्हणायचे. पण तिनं तो इतका मिसळून टाकला होता की बावीस वर्षं गाऊन ती एकटी कुठंच सापडत नव्हती. घरात आमच्या शंभरावर कॅसेटी आणि सीड्या होत्या. प्रत्येकीत ती होती आणि एकीतही ऐकू येत नव्हती. घरी ती गायची नाही. "हलवाई घरी जाऊन जिलेबी तळतो का?" म्हणायची. घरी रेकॉर्ड करून ठेवावं असं आम्हाला कधी वाटलंच नाही. दिवसभर तेच काम.

तिच्या गळ्याला गाठ झाली. ऑपरेशनमध्ये आवाज गेला. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं की जाईल. त्यानंतर ती चार महिने जगली, ते पाटीवर लिहून. ती गेल्यावर एका दुपारी मी कणीक मळत होतो. ती मला कणीक मळण्यावरून काय काय बोलायची ते आठवत होतो. शब्द सगळे आठवले. आवाज आठवेना. तोंड दिसत होतं, ओठ हलताना दिसत होते, आवाज नाही. मी हात धुतले आणि खुर्चीवर बसून राहिलो. नंतर रोज आठवून बघायचो. रोज येत नव्हता.

तेव्हा मला बापूकडचं ते शेवटचं रेकॉर्डिंग आठवलं.

एरवी कोरसला एकच माइक असतो. बायकांना एक, पुरुषांना एक, फार तर. पण त्या वेळी कुठल्याशा डोंगरावरच्या देवीची गाणी होती आणि संगीत देणारा मुलगा मुंबईहून आला होता. सौमित्र नावाचा. त्याला प्रत्येकाचा आवाज वेगळा हवा होता, नंतर हवा तसा मिसळायला. म्हणून बापूनं सहा जणांना सहा माइक लावले होते. बावीस वर्षांत तिच्यासमोर तिचा स्वतःचा असा माइक तेवढ्या एका दिवशी होता. ऑपरेशनच्या आधी तीन दिवस.

"बापू, ती डिस्क आहे ना?" मी विचारलं.

"आहे की. म्हणजे असावी. हे सगळं सामान हललंय ना." तो खोकी इकडची तिकडं करू लागला. "यातली कुठलीतरी. नाहीतर मुलानं घरी नेली असेल. काळोखे, असं करू या का, मी शोधून ठेवतो, तू पुढच्या आठवड्यात ये."

"पुढच्या आठवड्यात इथं लोक वजनं उचलत असतील."

"मग माझ्या घरी ये. सूनबाई थालीपीठ चांगलं करते."

"बापू, ती डिस्क तुझ्या हाताखाली आहे. तुझ्याच अक्षरात देवी लिहिलंय तिच्यावर."

बापूनं खाली बघितलं. मग कुंदाकडं बघितलं. मला वाटलं, म्हातारा झालाय, कंटाळा करतोय. स्टुडिओ जातोय त्याचंही दुःख असेल.

"भाऊजी," कुंदा म्हणाली, "कोरसचा एकटा आवाज कसा असतो तुम्हाला माहीत आहे. नुसता ऐकला तर काहीच नसतो. धड गाणं नाही की बोलणं नाही. तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटू दे."

"माझ्याकडं तिचा फोटो आहे छान. त्या सांगलीच्या कार्यक्रमातला. मोठा करून देते तुम्हाला."

"फोटो आहेत माझ्याकडं. फोटोत ती तोंड उघडून उभी आहे, कुंदाताई. सगळ्या फोटोंत. मला त्यातून जे बाहेर यायचं ते हवंय."

चहा आला. बापूनं माझा कप माझ्यासमोर ठेवला. मग स्वतःचा पूर्ण पिऊन झाल्यावर त्यानं डिस्क जोडली.

आम्ही वाट बघत असताना मला तो दिवस सगळा आठवत होता. शालननं आधी आठ दिवस मौन धरलं होतं. मोठं रेकॉर्डिंग असलं की गाणारे धरतात, गळा राखायला. ती घरात खुणा करायची. मीठ हवं असलं की चिमूट दाखवायची. डॉक्टर म्हणाले होते की झेपत असेल तर गाऊ द्या. मी म्हणालो होतो, नको जाऊस. तिनं पाटीवर लिहिलं, जाणार. मला राग आला असेल असं वाटून खाली पुन्हा लिहिलं, तुम्ही शेजारी आहात ना.

स्टुडिओत आल्यावर तिनं नेहमीसारख्या बांगड्या काढल्या. काचेच्या बांगड्या माइकमध्ये किणकिणतात म्हणून बायका आत जाताना काढतात. कुंदा पर्समध्ये टाकायची. शालन माझ्या रुमालात गुंडाळून माझ्या खिशात ठेवायची. मग आम्ही अर्धगोलात उभे राहिलो. कुंदा, तिच्या उजवीकडं शालन, मग मी, आणि पलीकडं बाकीचे तिघं. सहा माइक बघून शालन दारातच थबकली होती. मला वाटलं, खूश झाली.

"सापडलं," बापू म्हणाला. सापडल्याचा आनंद त्याच्या आवाजात नव्हता.

"तिचा दुसरा. डावीकडून दुसरा."

"मला माहीत आहे रे कुठला."

त्यानं बाकीचे पाच बंद केले. कुंदा उठून माझ्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली. बापूनं मजुरांना हाक मारली, "अरे बाबांनो, पाच मिनिटं ठोकू नका." मग त्यानं गाणं सुरू केलं.

आधी काही नव्हतं. खोलीचा तो भरीव आवाज असतो तेवढाच. मग कुठंतरी लांब, हेडफोनमधून गळणारा ठेका. आमची ओळ यायच्या आधी तिनं श्वास घेतला.

तो मी ओळखला. ती इतरांपेक्षा किंचित आधी श्वास घ्यायची आणि मी बावीस वर्षं त्या श्वासावर ओळ उचलत होतो. ती मला रागवायची, "माझ्यावर काय टेकता, स्वतःचं मोजा की." मी पुढं वाकलो.

आणि मी ऐकू आलो.

"डोंगरमाथी तुझा दिवा..." माझाच आवाज, बाजूनं आलेला, पातळ. दुसऱ्या बाजूनं कुंदाचा, माझ्यापेक्षा मोठा. मधे काही नाही. ओळ संपली. पुन्हा तिचा श्वास. पुन्हा मी आणि कुंदा.

"बापू, हा तिचा नाही. तू चुकीचा लावलास."

बापू पडद्याकडंच बघत होता.

"बापू. तिचा लाव."

"तिचाच आहे," तो म्हणाला.

पुढच्या ओळीला मी नीट ऐकलं. श्वास घेतला की तोंड उघडल्याचा बारीक आवाज येत होता. ओठ सुटे होतात तेवढा. शब्दांच्या जागी तोंड हलत होतं. "माथी"वर ओठ मिटत होते. त्यातून काहीच बाहेर येत नव्हतं.

"थांबव," मी म्हणालो.

त्यानं थांबवलं.

"तिचा आवाज आधीच गेला होता," कुंदा मागून म्हणाली. "या रेकॉर्डिंगच्या आधी पाच-सहा दिवस. एका सकाळी उठली तर नव्हता. मौन होतं, आणि नंतरही ऑपरेशनपर्यंत तिनं ते पुढं चालवलं, म्हणून तुम्हाला कळलं नाही. मला कळवलं तिनं. घरी आली होती, तुम्ही बाजारात गेला होता तेव्हा. लिहून म्हणाली, मला उभं राहायचंय, तू माझं गा."

हे आमच्यात चालतं. कुणाचा गळा बसला, कुणाला बाळंतपणानंतर दम लागला, तर तिनं नुसतं तोंड हलवायचं आणि शेजारणीनं दोघींचं गायचं. कुंदाचे वडील गेले त्या आठवड्यात शालननं तिचं गायलं होतं. एका माइकवर ते खपून जातं. कुणाला कळत नाही आणि बोलावणं तुटत नाही. पण इथं माइक सहा होते.

"आणि तू?" मी बापूला विचारलं. "तुझ्या पडद्यावर दिसलं असेल की."

"दिसलं. दुसऱ्या माइकचा काटा हलेना. मला वाटलं वायर गेली. मी आत आलो होतो, आठवतंय?"

आठवत होतं. बापू आत आला होता, शालनच्या माइकची वायर काढून पुन्हा बसवली होती. "म्हातारपण आलं वायरींना," म्हणाला होता आणि आम्ही हसलो होतो.

"वायर चांगली होती. मी वर बघितलं तर तिनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मग मी बाहेर येऊन सौमित्रला सांगितलं, झालं दुरुस्त. आणि कुंदाचाच आवाज शालनच्या जागीही पसरून दिला. तो पोरगा खूश होता. म्हणाला, या बाईंचा आवाज किती छान मिसळतो."

एक मजूर दाराशी येऊन उभा राहिला. "साहेब, ठोकू का?"

"थांब रे," बापू म्हणाला. मग मला म्हणाला, "बास आता. ऐकलंस ना. जेवायला चल."

"पुढं लाव."

"पुढं तेच आहे."

"लाव. श्वास तर आहे. तेवढा ऐकतो."

"भाऊजी, चला ना," कुंदानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिनं कधी ठेवला नव्हता. "श्वासच हवा तर बापू तेवढा वेगळा काढून देतील. देताय ना हो बापू? एवढंच घेऊन जाऊ. शेवटपर्यंत कशाला."

तेव्हा मला कळलं की शेवटी काहीतरी आहे. नुसतं आवाज नसण्यासाठी ती औंधहून धावत आली नव्हती.

"बापू, शेवट लाव."

बापूनं कुंदाकडं बघितलं. तिनं मान फिरवली. त्यानं शेवट लावला.

शेवटची ओळ मी आणि कुंदानं गायली. सूर संपला. ओळ संपली तरी सूर विरेपर्यंत हलायचं नसतं, म्हणून थोडा वेळ कुणीच हललं नाही. मग कपड्यांची सळसळ आली. कुणीतरी हेडफोन काढून ठेवला. मग माइकच्या अगदी जवळ ती बोलली. आवाज नव्हता तो, नुसती हवा होती. रेकॉर्डिंग झाल्यावर सगळेच तसं बोलतात, बाहेरून बरोबर झालं म्हणेपर्यंत. म्हणून तेव्हा मला त्यात वेगळं काही वाटलं नसणार.

"अहो, लागला का माझा सूर आज?"

"नेहमीसारखा. बांगड्या घे."

हा मी. मोठ्यानं, रोजच्यासारखा. मग खिशातून रुमाल काढल्याचा आणि बांगड्या किणकिणल्याचा आवाज. मग बाहेरून बापूचा आवाज, "छान झालं, मंडळी." आणि संपलं.

मजूर दारातच उभा होता. तो खाली बघत होता.

"हे मी तुम्हाला कळू देणार नव्हते," कुंदा म्हणाली. ती रडत होती. "तुम्ही पैसे घ्यायला मागं थांबलात, तेव्हा रिक्षात मी तिला म्हटलं, कशाला विचारलंस? अख्खं मौन मोडून हेच विचारायचं होतं का?"

"काय म्हणाली?"

"हसली."

"कशी?"

"कशी म्हणजे? आवाज कुठं होता तिला. हसली. मग बांगड्या भरल्या एकेक करून. मला वाटतं बरं वाटलं असेल तिला, भाऊजी. तुम्हाला कळू नये असंच तिला हवं होतं. नाहीतर तुम्ही उभं राहू दिलं नसतं. जमलं म्हणून हसली असेल."

"मग विचारलं कशाला?"

कुंदानं पदरानं नाक पुसलं आणि माझा गार झालेला चहा उचलून बापूच्या टेबलावर लांब ठेवला, मी तो पाडीन असं वाटल्यासारखा.

कोरसमध्ये शेजारच्याचं ऐकायचं ते एवढ्यासाठी, की काही टोचतंय का. सूर खाली गेला, शब्द आधी आला, तर टोचतं. काही टोचलं नाही की सगळं बरोबर आहे. मी तसाच ऐकत आलो होतो. त्या दिवशी माझ्या डाव्या बाजूला काही टोचलं नव्हतं.

"पुन्हा लाव," मी बापूला म्हणालो.

"कुठून?"

"तिनं विचारलं तिथून."

त्यानं लावलं. मी पुन्हा लावायला सांगितलं. कुंदा जिन्यावर जाऊन बसली. बापू लावत राहिला. मी तिचं बोलणं ऐकत नव्हतो. ते पहिल्यांदाच पाठ झालं होतं. मी तिच्या विचारण्याच्या आणि माझ्या उत्तराच्या मधली जागा ऐकत होतो. तिथं मी थोडा थांबलो असेन, असं मला वाटत होतं. आठवून बघितलं असेल, ओळी मनात फिरवून बघितल्या असतील आणि मग म्हणालो असेन. माणूस थांबतो तेवढा.

"बापू, इथं काही कापलंय का तू?"

"कच्चं आहे ते. हातही लावला नाही मी."

मधे जागाच नव्हती. तिचा "आज" पुरा व्हायच्या आत माझा "नेहमीसारखा" आलेला होता.

मजुरानं पुन्हा विचारलं. बापूनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली तसा हातोडा सुरू झाला.

"देऊ का काढून?" बापू त्या आवाजावरून ओरडला. "पेन ड्राइव्ह आणलास ना?"

आणला होता. त्याच रुमालात गुंडाळून आणला होता.